कुकरची शिट्टी आणि माजी सैनिक बायकांचं घर

सुगरण_नाही

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, आणि त्याला कारण माझा कुकर.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते, लाँग बीचपासून अर्ध्या तासावर. जवळच एका छोट्या संस्थेचं घर आहे. अकरा खोल्या, अकरा बायका. सगळ्या अमेरिकेच्या सैन्यदलांतून बाहेर पडलेल्या, आणि प्रत्येकीवर नोकरीत असताना लैंगिक अत्याचार झालेला. करणारा शत्रू नव्हे, बहुतेक वेळा आपल्याच तुकडीतला, कधी वरचा अधिकारी. इथे त्याला एमएसटी म्हणतात, मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा. या घरात दोन वर्षांपर्यंत राहता येतं. उपचार चालू असतात, नोकरी शोधायची, पैसे साठवायचे, मग आपल्या घरी जायचं. आम्ही पाचसहा मराठी बायकांनी महिन्यातून एका शनिवारी तिथे जाऊन जेवण करायचं ठरवलं.

पहिल्या शनिवारी मी मोठ्या उत्साहाने पाच लिटरचा कुकर नेला. वरणभात, बटाट्याची भाजी, गाजराची कोशिंबीर. पन्नाशीच्या एक बाई मला गाजरं किसून देत होत्या, गप्पा छान चालल्या होत्या. पहिली शिट्टी झाली. किसणी खाली पडली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या, डोळे दाराकडे. मी "सॉरी सॉरी" म्हणत गॅस बंद करायचा सोडून शिट्टीच उचलली, तर वाफेचा आणखी मोठा फुस्कारा. त्या मागच्या अंगणात निघून गेल्या त्या जेवायला आल्याच नाहीत. व्यवस्थापक बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी काय वाजणार आहे ते आधी सांगा."

तर पहिला प्रश्न, कुकर न्यावा की नाही. दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. नवरा म्हणतो, सगळ्या दुखावलेल्या बायका एका छपराखाली कशाला, प्रत्येकीला सरळ स्वतंत्र घर द्यावं. व्यवस्थापक बाई म्हणतात, एकत्र राहण्यानेच बरं वाटतं. तुमच्यापैकी कोणी हे जवळून पाहिलंय का?

(तपशील बदललेत. कोण, कुठे, विचारू नका.)

वेंधळी

इन्स्टंट पॉट घे, विजेवरचा, त्याला शिट्टीच नाही. धागा समाप्त.

वेंधळी

बरं, गंभीरपणे सांगायचं तर आमच्या सासूबाईंच्या मते शिट्टी नाही तो कुकरच नव्हे. "डाळ शिजली हे सांगणार कोण?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

खडकीवाले_काका

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शीर्षक वाचून आधी रागच आला. फौजेला नावं ठेवायला लोकांना निमित्त लागतं. आमच्या युनिटमध्ये असलं काही ऐकलं नाही.

वेंधळी

काका, ताई अमेरिकेच्या फौजेबद्दल बोलतायत.

खडकीवाले_काका

फौज ती फौज.

मधुकर_नेरूळ

तेच तर त्या म्हणतायत ना काका.

निशिगंध

मी याच कामात आहे. पूर्व किनाऱ्यावर, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात समाजसेविका. मत माझं एकटीचं.

आधी कुकर. शिट्टी वाईट नाही, अचानक होणं वाईट. "अजून मिनिटभरात वाजेल" असं कळलं की तोच आवाज वेगळा ऐकू येतो. त्यामुळे तुमच्या व्यवस्थापक बाईंना पैकीच्या पैकी मार्क.

आता जरा मागचं. व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्यात, उपचाराला येणाऱ्या प्रत्येकाला एमएसटीबद्दल विचारतात. बायकांमध्ये साधारण तिघींत एक "हो" म्हणते, पुरुषांत पन्नासात एक. तेव्हा तक्रार केली होती का, कागद आहे का, अपंगत्वाचा भत्ता मंजूर झालाय का, यातलं काहीही न बघता त्यावरचे उपचार फुकट मिळतात. बायकांसाठी हा कायदा १९९२ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी लास व्हेगासला नौदलाच्या वैमानिकांच्या टेलहुक संमेलनात हॉटेलच्या बोळातून जाणाऱ्या बायकांच्या अंगावर जे लोक धावून गेले, त्याचा गदारोळ ताजा होता. पुरुषांना तेच उपचार १९९४ मध्ये खुले झाले.

घराशी याचा संबंध काय, असं लोक मलाही विचारतात. व्हीएच्याच नोंदींवर २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला. एमएसटीला "हो" म्हणालेल्यांपैकी ९.६ टक्के पाच वर्षांच्या आत बेघर झालेले होते. "नाही" म्हणणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. कसं होतं ते मी रोज बघते. झोप नाही, म्हणून सकाळची पाळी चुकते. नोकरी जाते. झोपेसाठी दारू. मग कोणाच्या तरी आधाराने राहायचं, आणि तो आधार हात उगारणारा निघतो. बेघर म्हटलं की आपल्यासमोर फुटपाथवरचा दाढीवाला येतो. बायका तिथे दिसत नाहीत. त्या मैत्रिणीच्या सोफ्यावर असतात, गाडीत असतात, किंवा मारणाऱ्याच्याच घरात असतात.

तर्कट

माहिती उत्तम, पण मूळ प्रश्नावर मी ताईंच्या नवऱ्याच्या बाजूने. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये साधी गोष्ट करून दाखवली. आधी घर द्या, अटी घालू नका, बाकीचं माणूस मागून करतो. "आधी दारू सोड मग खोली देतो" हे उलटं आहे. व्हीएनेही २०१२ मध्ये हेच धोरण घेतलं. हड-व्हॅश नावाची योजना आहे. गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं, व्हीए एक समाजसेवक देतं, भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे. असं असताना ही अकरा खोल्यांची वसतिगृहं कशाला? आठला दार बंद, पाहुणे नाहीत, भांडी घासायचा तक्ता. सगळा आश्रमछाप कारभार.

दादरकर_बाई

तर्कट, तुमच्या "आश्रमछाप" शब्दाला हात वर करते, कारण असा आश्रम मी चालवलाय. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी महिला आधारगृहात अठरा वर्षं अधीक्षिका होते. सैनिक नव्हेत, पण अत्याचार झालेल्या मुली-बायका.

आमच्याकडे रात्री आठला मोठं दार बाहेरून बंद व्हायचं. नोंदवहीत कारण "सुरक्षेसाठी". एक मुलगी रोज रात्री आपली लोखंडी ट्रंक ढकलत नेऊन खोलीच्या दाराला लावायची. फरशीवर त्या ट्रंकेचे दोन समांतर ओरखडे पडले होते, मी निवृत्त झाले तेव्हाही ते होते. मी आधी ओरडायचे, बाकीच्यांची झोपमोड होते म्हणून. वर्षभराने डोक्यात प्रकाश पडला. सुतार बोलावून खोल्यांना आतून कड्या बसवल्या, पैसे आम्ही तिघींनी घातले. पुढच्या तपासणीत साहेबांनी शेरा मारला, "आतून कडी, आत्महत्येचा धोका, त्वरित काढावी." आणि साहेब अगदी चूक होते असं मी आजही म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वीच एकीला आम्ही जेमतेम वाचवलं होतं.

निशिगंध, तुमच्याकडे हा प्रश्न कसा सोडवतात?

निशिगंध

बाई, पूर्ण सुटलेला नाही. मी पाहिलेल्या चांगल्या घरांत कुलूप आतून लागतं आणि बाहेरून किल्लीने उघडतं. किल्ली ठरलेल्या दोघींकडेच. उघडण्याआधी टकटक, स्वतःचं नाव, कशासाठी आलो ते, मग थांबायचं. दर वेळी. आग लागल्याची रंगीत तालीम असली तरी आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी. मोठ्या दाराची वेळ असते, पण बाहेर जायला बंदी नसते. ही रीत तिला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतात.

आणखी बारीक गोष्टी. पलंग असा लावायचा की पडल्या पडल्या दार दिसेल. बोळात दिवा रात्रभर. न्हाणीघर खोलीला जोडून, निदान त्याला धड कडी. नळदुरुस्तीचा माणूस कधी येणार ते आधी कळवायचं आणि तो असेपर्यंत कर्मचारी बाईने सोबत राहायचं.

तर्कट, तुमचं तत्त्व मला मान्य आहे. फक्त "घर" कशाला म्हणायचं यावर घोडं अडतं. व्हाउचर मिळालं, पण घरमालकाकडे किल्ली आहे आणि तो न सांगता नळ बघायला आत येतो, अशा घरात माझी एक बाई महिनाभर बाथटबमध्ये झोपली. आतून कडी लागणारं तेवढं एकच दार होतं.

पाटील_ऑस्टिन

मी टेक्सासात, फोर्ट हूडच्या लष्करी तळापासून तासाभरावर. व्हनेसा गियेनचं प्रकरण इथे सगळ्यांना पाठ आहे. वीस वर्षांची सैनिक मुलगी, एप्रिल २०२० मध्ये तळावरच मारली गेली. आपला छळ होतोय हे तिने घरी सांगितलं होतं, पण लेखी तक्रार केली नव्हती, करून उपयोग नाही म्हणून. तिच्या नावाने कायदा झाला, आणि डिसेंबर २०२३ पासून असे खटले चालवायचे की नाही हे कमांडरऐवजी स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात. तोवर ज्याच्या हाताखाली घडलं तोच ठरवणार असा मामला होता.

भत्त्याचंही तसंच. घडलं तेव्हा तक्रार नसेल तर आडवळणाचे पुरावे चालतात. अचानक बदलीचा अर्ज, कामाचे शेरे घसरणं, गर्भचाचणी, मैत्रिणीला लिहिलेलं पत्र. पण व्हीएच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये नामंजूर दावे तपासले तर जवळजवळ निम्मे नीट हाताळलेच नव्हते. भत्ता अडकला की भाडं अडकतं. धाग्याशी संबंध एवढाच.

तर्कट

आणि मिळाला तरी पंचाईत! अपंगत्वाचा भत्ता उत्पन्न म्हणून धरला जायचा. पूर्ण भत्ता मिळाला की उत्पन्न मर्यादेच्या वर, म्हणजे अनुदानित घराला अपात्र. ज्या जखमेची भरपाई, तिच्यामुळेच घर नाही. लॉस एंजेलिसमध्ये यावर बरीच ओरड झाली, मग ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण खात्याने हड-व्हॅशपुरता तो नियम बदलला.

विषयांतर होतंय, पण तिथली जमिनीची गोष्ट ऐकाच. वेस्ट लॉस एंजेलिसची मोठी जमीन १८८८ मध्ये अपंग सैनिकांच्या घरासाठी म्हणून दान मिळालेली. पुढे तिथले तुकडे भाड्याने गेले. एका विद्यापीठाचं बेसबॉल मैदान झालं, एका खासगी शाळेची क्रीडांगणं झाली. आणि सैनिक कुंपणाबाहेर तंबूत! शेवटी २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी तिथे १,८०० कायमची घरं बांधायचा आदेश दिला. सरकारने अपील केलं, अर्थात.

वेंधळी

देवस्थानच्या इनाम जमिनी आणि ह्या जमिनी, नशीब सारखंच.

शब्दवेडा

एक भाषिक शंका. धाग्यात "माजी सैनिक बायका" असं चाललंय. "सैनिक"चं स्त्रीलिंग काय? "सैनिका" कानाला बरं वाटत नाही. "सैनिकीण" म्हणजे सैनिकाची बायको वाटते, पाटलीणसारखी.

मधुकर_नेरूळ

लोक कुठे, हे कुठे.

निशिगंध

मधुकरजी, शंका अस्थानी नाही. इंग्रजीतही हाच घोळ आहे. "तुम्ही व्हेटरन आहात का?" विचारलं की कितीतरी बायका "नाही" म्हणतात. व्हेटरन म्हणजे लढाईवर गेलेला पुरुष, मी तर भांडारात कारकून होते, असं. एमएसटी झालेल्या तर तो शब्द अंगावरच घेत नाहीत. म्हणून आता फॉर्मवर विचारतात, "तुम्ही कधी सैन्यदलात नोकरी केली आहे का?" प्रश्न बदलला की उत्तर बदलतं आणि त्याबरोबर घराचा हक्कही मिळतो.

मधुकर_नेरूळ

बरं, मागे घेतो. पण तुम्ही वर पन्नासात एक पुरुष म्हणालात. फौजेत पुरुष केवढे! म्हणजे आकड्याने तेही कमी नसणार. त्यांच्यासाठी घर कुठे आहे?

निशिगंध

बरोबर. आकड्याने पुरुषही हजारोंनी आहेत, आणि ते बायकांपेक्षा गप्प. त्यांच्यासाठी खास अशी घरं मी तरी फारशी पाहिली नाहीत. पण म्हणून दोघांना एका मजल्यावर ठेवावं असा अर्थ काढू नका. तो प्रयोग होऊन गेलाय. तात्पुरत्या निवासाची सरकारी अनुदान योजना १९९४ च्या सुमारास सुरू झाली ती पुरुष डोळ्यांसमोर ठेवून. बायका मागून आल्या. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा डिसेंबर २०११ चा अहवाल आहे. व्हीएला आढळलेल्या बेघर माजी सैनिक बायका २००६ मध्ये १,३८०, २०१० मध्ये ३,३२८. आणि बायकांना घेणाऱ्या ज्या निवासांची पाहणी केली त्यांतल्या ६० टक्क्यांहून जास्त ठिकाणी मुलांना जागा नव्हती. तेव्हा अनुदान माणशी होतं, आणि माणूस म्हणजे सैनिक. तिचं चार वर्षांचं पोर हिशेबात नव्हतं.

नाव_नको

हे खातं आजच काढलंय. लिहू की नको करत दोन दिवस गेले.

माझी मुलगी एकोणिसाव्या वर्षी नौदलात गेली. जन्म इथलाच. तिच्या बाबांनी मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून जाहीर केलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. चार वर्षांनी ती बाहेर पडली. सान दिएगोत मैत्रिणींबरोबर राहते म्हणाली. दर शनिवारी व्हिडिओ कॉल करायची, मागे नेहमी काहीतरी पांढरं. मला वाटायचं भिंत आहे. ते गाडीचं छत होतं. सात महिने ती गाडीत राहत होती. चोवीस तास उघड्या व्यायामशाळेच्या पार्किंगमध्ये, कारण तिथे अंघोळ होते आणि वायफाय मिळतो.

घरी का आली नाही हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. आली असती तर बाबांनी "का सोडलीस नोकरी" विचारलं असतं. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

पहिल्यांदा तिला एका तात्पुरत्या निवासात पलंग मिळाला. पुरुष आणि बायका एकाच मजल्यावर, न्हाणीघर बोळाच्या टोकाला. रात्री ती पलंग सोडून खाली आपल्या गाडीत जाऊन झोपायची. मग फक्त बायकांच्या घरात जागा मिळाली, तिथे चौदा महिने राहिली. तिथे तिला जे मिळालं ते मी आई असून देऊ शकले नसते. तिथे कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. टेबलावरच्या प्रत्येकीला माहीत होतं.

पुढे व्हाउचरवर स्वतःचं एका खोलीचं घर. तर्कट, तुम्ही म्हणता तसंच. पण पहिल्या रात्री तिला तिथे झोप येईना. फार शांत होतं. रात्री दोनला तिने जुन्या घरी फोन लावला आणि रात्रपाळीच्या बाईंनी फोन चालू ठेवला, सकाळपर्यंत. बोलल्या नाहीत, आपली कामं करत राहिल्या. कपाटाचे, भांड्यांचे आवाज येत होते म्हणे.

कोणतं बरोबर, विचारलंत म्हणून लिहिलं. बाबांना अजून माहीत नाही.

वेंधळी

__/\__

दादरकर_बाई

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

संपादक

"नाव_नको" यांच्या प्रतिसादाखाली नेमकं काय घडलं हे विचारणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुणालाही असे प्रश्न विचारू नयेत. पुन्हा झाल्यास खातं गोठवलं जाईल.

तर्कट

नाव_नको ताई, माझा "आश्रमछाप" शब्द मागे. मुद्दा मात्र थोडा शिल्लक ठेवतो. तुमच्या मुलीला चौदा महिने मिळाले आणि त्यानंतर व्हाउचरही मिळालं. कित्येकींना दोन वर्षं संपली तरी व्हाउचर घेणारा घरमालकच सापडत नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून व्हाउचर आहे म्हणून नकार देणं बेकायदा आहे, पण "आत्ताच दुसऱ्याला दिली" म्हणायला कुठला कायदा आडवा येतो? पुढचं घर पक्कं नसेल तर मधलं घर म्हणजे घड्याळ लावलेला पाहुणचार.

निशिगंध

हे मात्र सोळा आणे. अठराव्या महिन्यापासून माझ्या बायकांची झोप पुन्हा उडते. स्वप्नं नव्हे, तारीख.

खडकीवाले_काका

पुन्हा आलो. नाव_नको ताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

"ऐकलं नाही" म्हणालो होतो ते खरंच आहे. पण आमच्या युनिटमध्ये बाईच नव्हती, तर ऐकणार काय? हे सौ.ने लक्षात आणून दिलं.

आमच्या खडकीत पॅराप्लेजिक सेंटर आहे, कंबरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी. मी अधूनमधून जातो. तिथले काही जण पंधरा-वीस वर्षं आहेत. घर आहे, शेत आहे, भाऊ न्यायला तयार आहेत, जात नाहीत. एकाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, गावात सगळे खुर्चीकडे बघतात, इथे सगळ्यांनाच खुर्ची आहे." एकत्र राहण्याचं मला तेव्हा समजलं होतं. या बायकांना लावून पाहिलं नव्हतं.

आपल्याकडचं सांगतो. डॉक्टर-नर्स सोडल्या तर बाया अधिकारी म्हणून १९९२ पासून येऊ लागल्या, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीचा, निकाल दिला. मिलिटरी पोलिसात जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी २०२१ मध्ये बंगळुरूहून पास आउट झाली. या पोरी उद्या माजी सैनिक होणार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी नेहमी जातो. बाई आली की टेबलावरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मिस्टर कुठल्या रेजिमेंटला होते?" वीरपत्नी, वीरमाता, विधवा, सगळ्यांचे कागद त्याला पाठ. बाई स्वतःच फौजी असेल तर तिला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते त्याला अजून माहीत नाही. घर तर लांबच.

दादरकर_बाई

काका, आमच्या आधारगृहाच्या फॉर्मवरही "पती/पित्याचे नाव" हाच पहिला रकाना होता. ज्यांच्यापासून पळून आल्या त्यांचंच नाव पहिल्यांदा लिहून घ्यायचो आम्ही.

पाटील_ऑस्टिन

सुगरणताई कुठे आहेत? कुकरचं काय झालं?

सुगरण_नाही

आहे आहे. सगळं वाचत होते. गेल्या आठवड्यात दुसरा शनिवार झाला, म्हणून आज लिहितेय.

आधी एक. ते घर मी आता नीट पाहिलं. निशिगंध म्हणतात तसे पलंग खरंच दाराकडे तोंड करून आहेत. मला वाटलं होतं खोल्या लहान म्हणून तसे लावलेत. गेल्या वेळी आम्ही पडदे, उशा, फुलदाण्या घेऊन गेलो होतो. या वेळी विचारून गेलो. काय हवंय, तर दाराखाली अडकवायची रबरी पाचर, रात्रीचे छोटे दिवे, आणि उत्तम दर्जाच्या मोठ्या टॉवेलांचा ढीग. टॉवेल का ते मी विचारलं नाही. दादरकर बाई, पाचर घेताना तुमची ट्रंक आठवली.

इथून जवळच कब्रियो नावाची वस्ती आहे, मूळ नौदलाच्या कुटुंबांची वसाहत. नव्वदच्या दशकात तळ बंद झाला, आणि सरकारच्या रिकाम्या इमारती आधी बेघरांसाठी द्यायच्या असा १९८७ चा कायदा असल्याने तिथे घरं उभी राहिली, माजी सैनिकांसाठीही. आमच्या घरातली एक पूर्वी तिथे राहायची. मी विचारलं, नौदलाच्याच जागेत परत राहायला कसं वाटलं? म्हणाली, "या वेळी भाडेकरार माझ्या नावावर होता."

आता कुकर. इन्स्टंट पॉट नेला होता, वेंधळीच्या आज्ञेनुसार. पण त्या किसणीवाल्या बाई स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, तो शिट्टीवाला कुठाय? मी म्हटलं, घरी. म्हणाल्या, मला तो बघायचाय. बंद असताना. मग या आठवड्यात मी संध्याकाळी एकटीच कुकर घेऊन गेले. त्यांनी शिट्टी काढून हातात घेतली, फुंकर मारून पाहिली, गास्केट चढवून पाहिलं, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे विचारलं. त्या विमानांच्या दुरुस्तीत होत्या, दाबाच्या झडपा हा त्यांचा हातखंडा. मला पंधरा वर्षांत न कळलेलं माझ्या कुकरबद्दल त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. गास्केट बदलायला झालंय, हेही.

वाजवला मात्र नाही. शनिवारी वरण इन्स्टंट पॉटमध्येच केलं होतं. त्या जेवायला होत्या. वरण फार आवडलं नाही, पातळ वाटलं. लोणचं दोनदा घेतलं.

वेंधळी

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गास्केटचं बरोबर आहे, वाफ बाजूने जात असणार.

नाव_नको

सुगरणताई, पुढच्या शनिवारी चपात्या लाटायला एक हात हवा असेल तर मी दीड तासावर राहते. मी कोण हे तिथे सांगू नका.

सुगरण_नाही

या. पोळपाट माझ्याकडे दोन आहेत, लाटणं आणा. आदल्या दिवशी व्यवस्थापक बाईंना नाव कळवावं लागतं, नुसतं पहिलं चालतं. व्यक्तिगत निरोप पाठवते.